खारीत दगड नसतो

कोपर, डोंबिवली पश्चिम
२२ मे २०२४

मीरा,
जयभीम.

पाकीट बघून घाबरू नकोस, मी बरा आहे. पत्र अशासाठी लिहितोय की फोनवर आपलं जमत नाही. परवा तू टेकडीवर जाऊन फोन लावलास, तर अर्धी तू ऐकू आलीस आणि अर्धा वारा. इकडे मी तोंड उघडलं की प्रियांका समोर येऊन बसते, बाबा हळू बोला, बीपी वाढेल. शेवटी दोघंही ओरडलो आणि फोन ठेवला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण मी तुला कधी एक ओळ लिहिलेली नाही. लिहिणार कधी, मी कुठे गेलेलोच नाही. पहिली पाळी असली की आधी कारखाना मग बैल, रात्रपाळी असली की आधी बैल मग कारखाना. रिटायर झालो तेव्हा नुसते बैल.

जमीन भाजून रोपं टाकायच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला जन्मभर झाडावर चढलो, आणि या एप्रिलात एका वाळक्या फांदीने खाली टाकलं. खुब्यात रॉड घेऊन लेकीच्या घरी पडलोय. खाली उतरायचं तर वॉकर, जावई आणि लिफ्ट, तिघांची मर्जी लागते. दिवसभर गॅलरी ते हॉल आणि हॉल ते गॅलरी. प्रियांका नौपाड्याला दवाखान्यात कामाला जाते, प्रशांतराव शहाडला. मग मी आणि टीव्ही. टीव्हीवर पण शेती दाखवतात, सगळी सपाट.

आता मुद्द्याचं लिहितो. बैल विकायचे. डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिन्यांत मी पहिल्यासारखा चालेन, पण तोवर नांगरणी निघून जाईल. बांड्या आणि तांबू बसून खातील आणि तू एकटी त्यांचं शेण काढत राहशील. या वर्षी राघोचा पॉवर टिलर लाव. पुढच्या वर्षी आपण नवी जोडी घेऊ.

गिऱ्हाईक चांगलं आहे. इथे खाली संध्याकाळी बाकावर एक परशुराम म्हणून येतो, खाडीवरचा कोळी. होडी आता त्याचा मुलगा चालवतो, हा खाडीकाठचं खारीचं भातशेत बघतो. तिथे ट्रॅक्टर चिखलात रुततो म्हणून त्याला बैल पाहिजेत. माणूस माझ्यासारखाच बडबड्या आहे, पण जनावराला मारणारा नाही. जून संपताना तो टेम्पो घेऊन येईल.

हे पाकीट प्रशांतराव शहाडला कमलेशच्या दुधाच्या गाडीत देतील. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

भगवान


बोरखिंड
२७ मे

प्रियांकाच्या बाबांना,
जयभीम.

कमलेशने पाकीट दिलं तेव्हा त्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. आत तुमचं अक्षर निघालं. वाचून झाल्यावर वाटलं, नोटीस बरी होती.

पुढच्या वर्षी नवी जोडी घेऊ म्हणता. जोडी म्हणजे काय स्टेशनबाहेरची चप्पल आहे? बांड्याला उतारावर पाय टाकायला शिकवताना तुम्ही दोन पावसाळे घातलेत. तेव्हा माझ्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलायचात. तो माणूस एकाएकी नवी जोडी घेऊ म्हणतो, हे मला पटत नाही. हे शब्द तुमचे नाहीत, प्रियांकाचे आहेत. तिच्या मनात केव्हापासून आहे की आपण दोघांनी तिच्या गॅलरीत बसून कुंडीत कोथिंबीर लावावी. बैल गेले की जमीन जाईल, आणि मग म्हातारा-म्हातारीला उचलायला किती वेळ लागतो. तिला सांगा, मी तिच्या घरी चार दिवस पाहुणी येईन, पाचव्या दिवशी नाही.

राघोच्या टिलरचं काय सांगता मला? तो त्याच्या खालच्या सपाट तुकड्यावर चालतो. मागच्या साली वरच्या पट्टीवर चढवला तेव्हा तिरका झाला, आणि राघो आणि त्याचा भाऊ दोरीने धरून उभे राहिलेले. आडवा चालेना म्हणून त्याने तो वरून खाली सरळ मारला. पहिल्याच मोठ्या पावसात त्याची माती ओढ्यात गेली आणि नाचणीची मुळं उघडी पडली. ती मुळं तुम्हीच मला नेऊन दाखवलेली. आणि टिलर शेण टाकत नाही. राबाला शेण कुठून आणू, कोपरवरून पाठवणार आहात?

मामंजी सांगायचे, गावाने हा डोंगर आपल्या वाट्याला दिला, कारण सपाट आपल्याला कोण देणार होतं. त्याला तीन पिढ्या बांध घालून घालून आपण त्याच्या तीन पट्ट्या केल्या. त्या पट्ट्यांवर बैलाशिवाय दुसरं काही चढत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमाल झाली.

औषधं वेळेवर घ्या. जेवणात मीठ कमी आहे म्हणून प्रियांकाशी भांडू नका.

मीरा


कोपर
३१ मे

मीरा,

प्रियांकाला मध्ये आणू नकोस. ती बिचारी सकाळी माझ्या पायात मोजे चढवून मग कामाला जाते. निर्णय माझा आहे. गडी मिळत नाही, सगळी पोरं भिवंडीच्या गोडाऊनला जातात. जे एक-दोन म्हातारे उरलेत ते आपल्या उतारावर औत धरायला तयार नाहीत. मग बैल ठेवून करायचं काय?

परशुरामला शब्द दिलाय. त्याच्याकडे काळुराम नावाचा गडी आहे, तोच नांगर धरेल. तो या आठवड्यात येऊन बैल बघून जाईल. त्याला भाकरी घाल.

भगवान


बोरखिंड
८ जून

प्रियांकाच्या बाबांना,
जयभीम.

ठीक आहे. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलेय? हसू नका.

काळुराम आलेला. जेवला. माणूस साधा आहे. त्याने बैल जुंपून बघितले तर दोघेही खांबासारखे उभे. त्याने टिचकी मारली, हुर्र केलं, शेपटीला हात घातला. बांड्याने मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की काळुरामच लाजला. त्यांना तुमची सवय, त्यात त्याची काय चूक. तो म्हणाला परत येतो, पण सगळं नीट समजावून सांगा.

म्हणून म्हणते, त्यांच्या सवयी लिहून पाठवा. कोण कुठल्या अंगाला, काय बोलायचं, वळवायचं कसं, सुरुवात कुठून. जनावर दुसऱ्याच्या दारात जाणार, त्याचे हाल नकोत. सविस्तर लिहा. तुम्हाला तिथे दुसरं काम काय आहे?

मीरा


कोपर
१२ जून

मीरा,
जयभीम.

तू मनावर घेतलंस, बरं वाटलं. मला वाटलेलं तू दारात आडवी पडशील. लिहायला बसलो ते दुपार कशी गेली कळलं नाही. प्रियांका म्हणते बाबांनी आज एकदाही रिमोट मागितला नाही.

काळुरामला सांग, बांड्या नेहमी उजवीकडे, तांबू डावीकडे. उलटे जुंपले तर संध्याकाळपर्यंत उभे राहतील. चालायला सांगायचं तर जिभेने एकदाच टक करायचं. ओरडायचं नाही. मी त्यांच्यावर कधी ओरडलेलो नाही, मी घरात ओरडतो. थांबायला हो बाबा म्हणायचं, आणि वळायला वर रे, वर. तांबू मध्येच थांबला तर समजायचं मुतायचंय, तेव्हा त्याला घाई केलेली चालत नाही. निळं प्लास्टिक दिसलं की तो बुजतो, एवढं सोडलं तर देवमाणूस आहे. देव आपण मानत नाही, पण तांबूला मानायला हरकत नाही.

पुढचं काळुरामच्या उपयोगाचं नाही, कारण खारीत उतार नाही. पण बैल असेच शिकलेत म्हणून लिहितो. आपल्याकडे सुरुवात खालच्या बांधापासून करायची आणि आडवं जात जात वर चढायचं. टोकाला गेलं की वळण नेहमी डोंगराकडे तोंड करून. दरीकडे तोंड करून वळवलं तर नांगर घसरून फाळ बैलाच्या मागच्या पायात जातो. मूठ थोडी डोंगराच्या बाजूला कललेली ठेवायची, नाहीतर नांगर खाली खाली ओढतो आणि तासाची रेघ सुटते. जो बैल खालच्या अंगाला असतो त्याच्यावर भार जास्त. वळणानंतर तो वरच्या अंगाला येतो, म्हणून दोघे सारखे दमतात. मी प्रत्येक वळणाला त्यांना थोडं उभं करायचो. लोकांना वाटायचं भगवान तंबाखू मळतोय.

मोठा पाऊस झाल्यावर त्याच दिवशी औत घालायचं नाही. आणि बांधाच्या कडेची गवताची पट्टी नांगरायची नाही, ती माती धरते. हे बाबांनी मला सांगितलेलं. ते सांगायचे आणि मग दिवसभर बांधावर बसून चुका काढायचे. मला राग यायचा.

बैल जाताना त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढू नकोस. परशुरामकडे वाजू देत.

भगवान


बोरखिंड
२० जून

प्रियांकाच्या बाबांना,
जयभीम.

पत्र काळुरामला वाचून दाखवलं. फार उपयोग झाला म्हणाला. खालची पट्टी त्याने सवय म्हणून मारून बघितली. मीही म्हटलं, जाता जाता आपलं काम होतंय तर होऊ दे.

त्याच्या दोन-तीन शंका आहेत. एक म्हणजे टक केलं की बैल चालतात, पण चार पावलं गेले की मागे वळून बघतात. त्यांना ते पटत नाही असं वाटतं. दुसरं, फाळ दगडाला लागला की मूठ हातातून उडते आणि बरगडीत बसते. ते कसं टाळायचं? तिसरं, मधल्या पट्टीच्या ओढ्याकडच्या टोकाला वळायला जागा कमी आहे, तिथे तांबूचा मागचा पाय बांधावरून सुटतो. काळुरामचा जीव खालीवर होतो.

प्रियांकाला सांगून दुखण्यावर चोळायचं मलम पाठवा. काळुरामला पाहिजे.

पाऊस बरा आहे. राबात नाचणी हिरवी झालीय.

मीरा


कोपर
२४ जून

मीरा,

आधी उत्तरं देतो. फाळ दगडाला लागला की मूठ दाबायची नाही, सैल सोडून किंचित उचलायची. बैलांना हो बाबा म्हणायचं, नांगर मागे घ्यायचा आणि दगडाच्या वरच्या अंगाने काढायचा. छाती मुठीवर कधीच टेकवायची नाही, हात लांब ठेवायचे. ओढ्याकडच्या टोकाला पूर्ण वळण घ्यायचंच नाही. थोडं आधीच थांबायचं, नांगर उचलून धरायचा आणि आधी बैल वळवायचे. तेवढी जमीन कुदळीने खणायची. बैल मागे वळून बघतात कारण आवाज माझा नाही आणि शब्द माझे आहेत. त्यांना वाटतं कुणीतरी माझी नक्कल करतंय. दुसरं काहीतरी बोल.

आता माझं ऐक. खारीत दगड नसतो, मीरा. परशुरामच्या शेतात नुसता चिखल आहे, त्यात काळुरामच्या बापाने पण कधी दगड बघितला नसेल. मधली पट्टी आणि ओढ्याकडचं टोक यांच्याशी त्याला काय करायचंय? तर काळुरामला सांग, साडी घोट्याच्या बऱ्याच वर खोच, नाहीतर एक दिवस निऱ्या फाळात अडकतील. मलम पाठवलंय.

आधी मला हसू आलं. प्रियांकाला वाचून दाखवलं, तीही हसली. मग रात्रभर झोप लागली नाही. अगं, मी त्या डोंगरावर जन्मलो आणि तिथेच पडलो. तू मुठीवरून उडून ओढ्यात गेलीस तर कुणाला कळणार आहे? कमलेश सकाळी दूध घ्यायला येईल तेव्हा. आणि गाव काय बोलेल ते वेगळंच. नांगराला बाईने हात लावलेला त्यांना चालत नाही, तुला माहीत आहे. उद्या पावसाने ओढ दिली तर तुझ्यावर येईल.

नांगर खाली ठेव. परशुराम रविवारी, तीस तारखेला येतोय. हे विनवणी समज की हुकूम समज, पण ठेव.

भगवान


बोरखिंड
२७ जून

प्रियांकाच्या बाबांना,

तुमच्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण साखर कसली. पावसाने खरंच ओढ दिली. पत्र आलं त्याच दिवशी ऊन पडलं, आणि संध्याकाळी राघो गावातल्या तिघा-चौघांना घेऊन अंगणात. वहिनी, बाईने औत धरलं की पाऊस रुसतो, आमची पण भातं आहेत. मी त्यांना पाणी दिलं. मग विचारलं, मागच्या वर्षी ऑगस्टात पाऊस गेलेला तेव्हा कुठल्या बाईने औत धरलेलं? राघो म्हणाला ते वेगळं.  म्हणाला, आम्ही भगवानदादाशी बोलतो. म्हणजे मी इथे उभी, औत माझ्या हातात, आणि बोलणार तुमच्याशी.

त्यांचं मला काही वाटलं नाही. तुमचं वाटलं. आपल्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, अमावास्येला नारळ नाही. तुम्ही जयंतीला माइकवर उभे राहून अंधश्रद्धेवर बोलता, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. एवढं सगळं सोडलं, मग नांगराला बाईचा हात चालत नाही हे एवढंच कसं शिल्लक राहिलं? मी राब भाजते, शेण वाहते, रोपं लावते, कापते, मळते. चाळीस वर्षं मी त्या नांगराच्या मागे दगड वेचत चाललेय. नुसती मूठ धरली तर आभाळ कोसळतं?

मी नांगर ठेवलेला नाही. मधली पट्टी अर्धी झालीय. ओढ्याकडचं टोक तुम्ही सांगितलंत तसं सोडलं. आता मी त्यांना टक करत नाही, वर रे पण म्हणत नाही. माझं माझं काहीतरी बोलत असते, आज भाजीला काय केलं, राघो कसा बोलला, असलं. त्यांनी मागे बघणं सोडलंय. वळायची वेळ आली की मी नुसतं चला म्हणते.

रविवारी टेम्पो आला तर बैल देईन. तुमचा शब्द मी मोडणार नाही, लोकांत तुमची मान खाली घालणार नाही. पण टेम्पो येईपर्यंत ते माझे आहेत.  बाहेर गाडीचा आवाज आला की हात थांबतो.

मीरा


बोरखिंड
१ जुलै

प्रियांकाच्या बाबांना,
जयभीम.

तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत. परशुरामभाऊ काल आले.

मी मधल्या पट्टीच्या शेवटच्या तासात होते. सकाळीच भुरभुर सुरू झालेली. टेम्पो खाली थांबलेला दिसला, पण तास अर्धवट टाकून कसं थांबणार? ते धापा टाकत वर आले, चपला काढून बांधावर बसले. मी बैलांशी माझं माझं बोलत राहिले. टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. पट्टी संपली. मग बैल सोडले, कासरे त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, घ्या.

त्यांनी कासरे माझ्या हातात परत दिले. म्हणाले, "वहिनी, दादा बोललेला जोडी बसून आहे, म्हणून न्यायला आलेलो. चालत्या औताचे बैल आमच्यात कोण सोडवत नाय. मी दुसरी जोडी बघतो."

मी घरी आणून चहा दिला. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, बरं झालं वहिनी तुम्ही शिकलात ते, नाहीतरी डॉक्टर दादाला बोललाय ना, चढउतार आता कायमचा बंद, औत तर विसराच. तुम्हाला ठाऊकच असेल. मी म्हटलं, हो, ठाऊक आहे. कप धुवायला आत गेले आणि बराच वेळ धूत बसले.

दोन-तीन महिन्यांत पहिल्यासारखा चालेन. नवी जोडी घेऊ. मला वाटलं लेक फितवतेय. तिच्यावर मी काय काय लिहिलं आणि तुम्ही तिला ते वाचून पण दाखवलं असणार. तिला सांगा आई चुकली. मी स्वतः सांगेन, पण आधी तुम्ही सांगा.

तुमचा मला फार राग आलाय. मी गोठ्यात जाऊन रडले. खरं सांगू का, मी पावसाळ्यानंतरच्या भांडणाची तयारी करून ठेवलेली. तुम्ही येणार, माझ्या हातातून मूठ काढून घेणार, आणि मी म्हणणार, एक पट्टी माझी. वरची तुम्ही घ्या, मधली मी. शब्द पण ठरवून ठेवलेले. आता कुणाशी भांडू? तीनही पट्ट्या माझ्याच झाल्या, आणि मला त्या अशा नको होत्या.

दुपारी पाऊस मोठा झाला तेव्हा राघो वाटेने चाललेला. मी अंगणात औत धुवत होते. त्याने माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, छत्री उघडली आणि गेला.

घरी या. खालच्या बांधापर्यंत कमलेशची गाडी येते. तिथून वर चढायचं नाही. वरची पट्टी या आठवड्यात करते, मग लावणी. तिथे लिफ्टची वाट बघत बसण्यापेक्षा इथे बसा.

मीरा


कोपर
५ जुलै

मीरा,
जयभीम.

तुझ्या सत्तावीस तारखेच्या पत्राला उत्तर दिलं नाही कारण देता येईना. तीन-चार वेळा लिहायला बसलो आणि फाडलं. टाळ्या वाजवणारी बाई पहिल्या रांगेत बसून सगळं नीट ऐकत होती, हे मला कळायला हवं होतं. तू लिहिलंस ते बरोबर आहे. राघोचा फोन आलेला. त्याला मी सांगितलं, औत तिचं आहे, तिच्याशीच बोल. त्याने फोन ठेवला.

डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. प्रियांकाला मी शपथ घातली की आईला बोलायचं नाही. तिने तुझी बोलणी निमूट खाल्ली. तिला तुझा निरोप दिला, तर म्हणाली आईला सांगा कोथिंबिरीची कुंडी तयार आहे. ती तुझ्यावरच गेलीय.

मी का लपवलं ते लिहितो. नांगर सुटला की त्या घरात मी कोण, हे मला समजेना. बैल विकून टाकले असते तर म्हणता आलं असतं की बैल नाहीत म्हणून बसलोय. पण बैल गोठ्यात आहेत, औत चालू आहे, आणि भगवान बसलाय, हे मला डोळ्यांनी बघवलं नसतं. म्हणून घाई. तुझ्या कष्टाचं मी बोललो, लोकांचं बोललो, पण खरं कारण हे होतं. त्यासाठी मी बांड्याला आणि तांबूला चिखलात पाठवायला निघालेलो.

परशुराम रोज संध्याकाळी बाकावर तुझं वर्णन करतो. पहिल्यांदा म्हणाला वहिनींचे तास वाकडे जातात. मी त्याला म्हटलं, उतारावर सरळ तास मारला की माती सरळ ओढ्यात जाते, डोंगर जसा वळतो तसंच तासाने वळायचं. मग तो म्हणाला तुमचे बैल वहिनींशी बोलतात. ते ऐकलं आणि मी उठून वर आलो. खोटं कशाला बोलू, जिवाला लागलं. त्या रात्री मी गॅलरीत बसून होतो. सकाळी प्रियांकाला म्हटलं माझी पिशवी भर.

रविवारी येतोय. प्रशांतराव शहाडपर्यंत सोडतील, पुढे कमलेश. माझ्यासाठी घरी थांबू नकोस. वरच्या पट्टीवर असशील तर तिथेच राहा, मी आलो म्हणून औत सोडू नकोस. खालच्या बांधावर एक खुर्ची ठेव, मला खाली बसता येत नाही.

आणि एक. जोडीला आवाज एकच पाहिजे. दोन झाले की ती बिथरते. तू वळणावर असताना माझ्या तोंडातून सवयीने वर रे निघालं, तर तांबू माझ्याकडे बघेल आणि त्याचा पाय सुटेल, आणि मूठ तुझ्या हातात असेल. म्हणून मी बांधावर गप्प बसणार आहे. चुकलीस तरी गप्प, चांगलं केलंस तरी गप्प. चाळीस वर्षांत मी कुठे गप्प बसलेलो तुला आठवणार नाही. मलाही आठवत नाही. पण बसेन.

तुझा,
भगवान